शोधाशोध सोबत्याने करायची असते

मानसिक आरोग्याविषयी काहीही लिहिले किंवा बोलले गेले की शेवटी ‘वेळेवर मदत घ्या’ हे वाक्य बहुधा येतेच. सल्ला योग्य आहे, पण तो ज्याला दिला जातो त्याच्या अंगात त्या घडीला तो पाळण्याचे त्राण उरले आहे का, याचा विचार फारसा होत नाही. मदत घ्यायची म्हणजे आधी ती कुठे मिळते हे शोधावे लागते, चार जणांना विचारावे लागते, फोन करावे लागतात, कोणी उचलला नाही तर पुन्हा करावे लागतात, वेळ ठरवावी लागते, कामावरून रजा काढावी लागते आणि एवढे सगळे करून एका अनोळखी माणसासमोर बसून आपल्याला काय होते आहे ते शब्दांत सांगावे लागते. त्यासाठी एकाग्रता लागते, निर्णय घेण्याची ताकद लागते आणि यातून काहीतरी निष्पन्न होईल अशी आशा लागते. तीव्र नैराश्यात माणसाला नेमक्या याच गोष्टी सोडून जातात. म्हणून शोधाशोधीचे काम आजारी माणसावर टाकू नये, ते त्याच्या सोबत असलेल्याने अंगावर घ्यावे, असे माझे मत माझ्या मावसभावाच्या आजारपणात बनले आणि ते अजून बदललेले नाही.

त्याला मी दादाच म्हणते, इथेही तसेच म्हणेन. कामात चोख, कुणाच्याही अडीनडीला धावणारा आणि स्वतःविषयी कमीत कमी बोलणारा असा हा माणूस. काही महिन्यांत त्याचे जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी झाले, आणि अपरात्री जाग आली की पुन्हा डोळा लागेनासा झाला. घरातले सगळे ‘मन कशात तरी गुंतव’ असे म्हणत राहिले. काही आप्तांनी सकारात्मक विचारांचे संदेश पाठवण्याचा सपाटा लावला, त्यातला एकही त्याने उघडला नाही. पुढे उपचार सुरू झाल्यावर कशासाठी तरी त्याचा फोन माझ्या हातात आला तेव्हा त्यात एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्याच्या पाटीचा फोटो दिसला. रस्त्याने जाताना त्याने तो काढून ठेवला होता. फोटो किंचित हललेला होता, पण नंबर वाचता येत होता. त्या नंबरवर त्याने कधीच फोन केला नव्हता. मदत हवी असल्याचे त्याला आमच्या कितीतरी आधी उमगले होते. त्यापुढचे पाऊल मात्र त्याच्या आवाक्यात राहिले नव्हते.

मी शोधायला बसले तेव्हा पहिली अडचण आली ती कोणाला शोधायचे याचीच. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेऊन मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तोच लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो आणि मानसोपचाराची सत्रे घेतो, पण औषधे देत नाही. समुपदेशक ही पाटी मात्र आज कोणीही लावू शकतो अशी स्थिती आहे; उत्तम प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक आणि चार दिवसांच्या शिबिराच्या जोरावर खुर्ची मांडून बसलेला माणूस यांच्या पाट्या बाहेरून सारख्याच दिसतात. शिक्षण काय आणि कुठून झाले, हे विचारायला संकोच करू नये. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि माणूस जेवत नसेल, झोपत नसेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा. समुपदेशनाची घडी त्यानंतर बसवता येते.

दुसरी अडचण वेळेची होती. एका खाजगी दवाखान्यात फोन केला तर स्वागतकक्षातील बाईंनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली. ‘तातडीचे आहे’ असे मी म्हटल्यावर ‘सगळ्यांचेच तातडीचे असते’ असे उत्तर मिळाले. उत्तर कठोर होते, पण त्यामागची वस्तुस्थिती खोटी नव्हती. आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, आणि जे आहेत ते बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते.

जवळची मदत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येते, हेही तपासायला हवे. महाराष्ट्रात ठाणे, पुण्यातले येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि सरकारी मानसोपचार म्हटले की बहुतेकांना तीच आठवतात, तीही भीतीपोटी. त्यामुळे एका टोकाला ती दगडी भिंत आणि दुसऱ्या टोकाला खाजगी डॉक्टरांची फी, यांच्या मध्ये काहीच नाही असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात देशात १९८२ पासून राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे आणि १९९६ पासून त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग सुरू झाला. त्यातूनच जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथेही हा विभाग असतो. सगळीकडे तो सारख्याच ताकदीने चालतो असे मी म्हणणार नाही. पण तिथे पुढच्या महिन्याची तारीख घ्यावी लागत नाही. केस पेपर काढून रांगेत बसले की त्याच दिवशी डॉक्टर भेटतात. फक्त कोणत्या वारी डॉक्टर असतात हे आधी विचारून घ्यावे. या एका चौकशीवाचून माणसे हेलपाटा घालून परत जातात, आणि मोठ्या मुश्किलीने घराबाहेर काढलेला रुग्ण दुसऱ्यांदा बाहेर पडायला तयार होत नाही.

रुग्णालयात जाण्याच्या आदल्या रात्री दादाची अवस्था फारच बिकट झाली. मावशी रडत होती आणि दादा खोलीत अंधार करून भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी १४४१६ हा नंबर फिरवला. ‘टेली मानस’ या नावाने केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. मनात शंका होती की फोन रुग्णानेच करायला हवा असेल; तसे काही नव्हते. पलीकडच्या समुपदेशक बाईंनी आधी मी कोण, तो कुठे आहे, या क्षणी त्याच्याजवळ कोणी बसले आहे का, त्याच्या हाताशी इजा करता येईल असे काही आहे का, हे शांतपणे विचारून घेतले. मग म्हणाल्या, ‘जीव द्यावासा वाटतो का, असे त्यांना सरळ विचारलेत का?’ मी विचारले नव्हते. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल, ही सर्वसाधारण भीती मलाही होती. त्यांनी सांगितले, आणि नंतर मी वाचले त्यातही तेच होते, की असे विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

मी खोलीत गेले आणि त्याच्या पायथ्याशी बसून विचारले, ‘दादा, जीव द्यावासा वाटतो का रे?’

बराच वेळ तो गप्प होता. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, ‘पहाटे वाटतं. उजाडलं की जरा कमी होतं.’

त्या एका वाक्याने आमची पुढच्या दिवसांची व्यवस्था ठरली. तोवर आम्ही त्याला दिवसभर एकटे सोडत नव्हतो आणि पहाटे, तो शांत झोपला असेल असे समजून, सगळे गाढ झोपत होतो. समुपदेशक बाईंनी पहाटेच्या वेळी कोणीतरी जागे राहावे, औषधे आणि इतर घातक वस्तू घरातून हलवाव्यात किंवा कुलपात ठेवाव्यात आणि सकाळी थेट रुग्णालय गाठावे असे सांगितले. त्याआधीच परिस्थिती हाताबाहेर गेली तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवायला सांगितले. घातक वस्तू दूर करण्याची ही सूचना किरकोळ वाटते, पण तिचे वजन फार मोठे आहे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा काही वेळापुरतीच असते आणि त्या अवधीत साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत जे झपाट्याने खाली आले, त्याचे मूळ याच साध्या गोष्टीत आहे.

जिल्हा रुग्णालयातला तो विभाग मी कल्पिला होता तसा नव्हता. बाकड्यावर आमच्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी वडिलांबरोबर बसली होती, पलीकडे फिटचा आजार असलेला मुलगा होता, आणि एक आजोबा नातवाला ‘इथं झोपेच्या गोळ्या देतात’ असे सांगत होते. डॉक्टरांनी आत बोलावल्यावर मावशी सवयीने दादाच्या आधी उत्तरे देऊ लागली. डॉक्टर तिला म्हणाले, ‘आई, तुमचं मी नंतर ऐकणार आहे. आधी यांना बोलू द्या.’ आणि आम्हा दोघींना बाहेर बसवले. आत काय बोलणे झाले ते दादाने आम्हाला कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. बाहेर आल्यावर तो इतकेच म्हणाला, ‘ह्यांनी झोपेचं अगदी तपशिलात विचारलं.’ आपले कोणीतरी मन लावून ऐकले, एवढे त्याला पुरेसे असावे.

कुटुंबीयांना डॉक्टरांनी वेगळे बोलावून जे सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुष्कळ घरांत उपचार इथेच मोडतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. तोंडाला कोरड पडणे, मळमळणे, सुस्ती येणे असे त्रास मात्र पहिल्या दिवसांतच सुरू होतात. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. मधल्या काळात रुग्ण ‘काही उपयोग नाही’ म्हणतो, घरचेही मान डोलावतात आणि गोळ्या बंद होतात. शिवाय काही रुग्णांत मन सावरण्याच्या आधी अंगात हालचाल करण्याची शक्ती येते, म्हणून सुधारणेच्या पहिल्या खुणा दिसल्या तरी लक्ष सैल सोडायचे नसते. संकटाची रात्र आणि डॉक्टरांचा कक्ष यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. गोळ्यांचा गुण येईपर्यंतच्या या पंधरवड्या-महिन्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि जवळच्या मदतीची खरी कसोटी याच काळात लागते. डॉक्टर पंधरा दिवसांनी भेटणार असतात. पहाट रोज येते.

ती पहाट आमच्याकडे दादाच्या एका जुन्या मित्राने सांभाळली. तो मूळचाच लवकर उठणारा. उजाडायच्या आत दारात येऊन उभा राहायचा आणि दादाला फिरायला घेऊन जायचा. दोघे फारसे बोलत नसत. एकदा मी त्याला विचारले की तुम्ही त्याला समजावता काय, तर त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले आणि म्हणाला, ‘समजवायचं काय? चालतो आम्ही.’ कोणतेही प्रशिक्षण नसताना जे करायला हवे होते तेच तो करत होता.

अशा माणसांना थोडे शिकवून उभे केले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण झिंबाब्वेतले आहे. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांची एक तरुण रुग्ण रुग्णालयात परत आलीच नाही, कारण तिच्या घरच्यांजवळ बसभाड्याचे पैसे नव्हते; तिने जीव दिला. उपचार उपलब्ध होते, डॉक्टर चांगले होते, फक्त अंतर फार होते. चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरात वस्तीतल्या वयस्क आज्यांना समस्या ऐकण्याचे आणि त्यातून एकेक वाट काढण्याचे प्रशिक्षण दिले आणि आरोग्यकेंद्रांच्या आवारात त्यांच्यासाठी लाकडी बाक मांडले. पुढे हरारेतल्या २४ केंद्रांत ५७३ जणांवर झालेल्या चाचणीत या आज्यांकडे आलेल्यांची लक्षणे नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक कमी झाल्याचे दिसले; ते निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे गोव्यातही ‘संगाथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर काम करून दाखवले आहे. व्यसनाच्या बाबतीत तर ही परंपरा आपल्याला परिचित आहे. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ने कुटुंबीयांनाही उपचारांत सामावून घेतले, आणि व्यसनातून बाहेर आलेलाच माणूस दुसऱ्याचा हात धरतो ही रीत आज राज्यात अनेक ठिकाणी चालते.

डॉक्टरांच्या सूचनेवरून आम्ही एक कागद तयार केला. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा ‘सुरक्षा आराखड्या’ची पद्धत बसवली आहे. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांना असा आराखडा करून देऊन नंतर फोनवर विचारपूस चालू ठेवली, तर पुढच्या सहा महिन्यांतील आत्मघाताकडे झुकणारे वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांच्या २०१८ च्या अभ्यासात दिसले. त्यातला क्रम मला फार अर्थपूर्ण वाटला. संकट जवळ येत असल्याच्या खुणा आधी, मग स्वतः काय करता येईल, मग कुठे गेल्याने मन दुसरीकडे वळते, मग आपल्या माणसांपैकी कोणाला सांगायचे, त्यानंतर डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि शेवटी घर सुरक्षित कसे ठेवायचे. म्हणजे तज्ज्ञांच्या आधी आपली माणसे येतात. दादाच्या कागदावर पहिल्या रकान्यात त्याने स्वतःच्या अक्षरात ‘दाढी करणे बंद’ असे लिहिले. आम्हा कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. त्याला मात्र आपला घसरणीचा आरंभ पक्का ठाऊक होता. रुग्णाला विचारून केलेला आणि त्याच्यावर लादून केलेला कागद यांत हाच फरक पडतो. आपल्या माणसांच्या रकान्यात माझे नाव तिसरे होते.

कायद्याविषयीही लिहायला हवे, कारण कायद्याच्या चुकीच्या भीतीने माणसे रुग्णालयाच्या दारापर्यंत येत नाहीत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला दवाखान्यात नेले तर त्याच्यावर गुन्हा दाखल होईल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा न करता तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतील, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३०९ सारखे सरसकट कलमच राहिलेले नाही. दुसरी गोष्ट याहूनही कमी लोकांना माहीत आहे. जिवाला धोका असेल, किंवा रुग्ण स्वतःला अथवा दुसऱ्याला गंभीर इजा करील अशी स्थिती असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची वाट पाहण्याची गरज नाही; कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, अशी तरतूद याच कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही म्हणून हातावर हात धरून बसायचे कारण नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात नेले, तर पुढची सोय होईपर्यंत रुग्ण सुरक्षित राहू शकतो.

याच कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. आजाराच्या भरात आपल्या वतीने कोणी बोलावे, उपचारांच्या निर्णयात कोणी मदत करावी, हे माणसाने शुद्धीत असताना ठरवून ठेवायचे. त्याला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला की पुरते, नेमलेल्या माणसाची मात्र संमती लागते. दादा बरा झाल्यावर मी हे त्याला सांगितले. इतकी धावपळ मी केली होती, तेव्हा तो माझेच नाव लिहील असे मी मनात धरून होते. त्याने पहाटे फिरायला नेणाऱ्या मित्राचे नाव लिहिले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, ‘तू फार घाबरतेस, आणि आई रडते. त्याला निदान गप्प बसता येतं.’ मावशीला हे लागले. मला त्याचा निर्णय पटला. हे नाव वाटेल तेव्हा बदलताही येते, असे मी तिला सांगितले, तर ती म्हणाली की राहू दे, तो मुलगा रोज येतो तरी.